दूध कुठे तयार होतं, कसं सुटतं आणि कुठे अडतं

"दूधच येत नाहीये हिला." बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत हे वाक्य आजी म्हणते, मावशी म्हणते, शेजारच्या खाटेवरची बाई म्हणते, आणि संध्याकाळपर्यंत पावडरचा डबा आलेला असतो. बहुतेक वेळा त्या बाईच्या स्तनांत काहीही बिघडलेलं नसतं. दूध कोणत्या क्रमाने तयार होतं हे घरात कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे नेहमीच्या गोष्टीला बिघाड समजलं जातं. मग त्या न झालेल्या बिघाडावर जे उपाय होतात, त्यांनी खरोखरच दूध कमी होतं. म्हणून सुरुवात शरीररचनेपासून करते. पुढचे सगळे उपाय तिच्यातूनच निघतात.

स्तन छातीवर साधारण दुसऱ्या बरगडीपासून सहाव्या बरगडीपर्यंत पसरलेला असतो. आतली कड छातीच्या मधल्या हाडापाशी, बाहेरची काखेच्या मधल्या रेषेपर्यंत. वरचा बाहेरचा कोपरा मात्र निमुळता होत थेट काखेत शिरलेला असतो, आणि तिथेही दूध तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काखेत दुखरा गोळा लागतो आणि बाई घाबरते, तो बहुधा हाच भाग असतो. तो दाबायचा नाही, चोळायचा नाही. गार पट्ट्या ठेवल्या की काही दिवसांत उतरतो.

स्तनाखाली छातीचा मोठा स्नायू असतो, पण खुद्द स्तनात असा स्नायू नसतो. स्नायूचे बारीक तंतू आहेत ते फक्त स्तनाग्रात आणि त्याभोवतीच्या काळसर वर्तुळात. बाकी सगळी चरबी, ग्रंथी आणि त्यांना त्वचेशी बांधून ठेवणारे चिवट धागे. आकार मुख्यतः चरबीवर ठरतो आणि दूध ग्रंथींवर, त्यामुळे "हिची छाती लहान, हिला काय दूध येणार" या बोलण्याला काही आधार नाही. दूध पाजत असलेल्या बाईच्या स्तनात ग्रंथी आणि चरबी यांचं प्रमाण साधारण दोनास एक असतं, आणि ग्रंथींचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग स्तनाग्राच्या मुळापासून तीन सेंटिमीटरच्या आत असतो.

हा आकडा ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या विद्यापीठात झालेल्या सोनोग्राफीच्या अभ्यासातून, २००५ साली, पुढे आला. त्याआधी दीडशेहून अधिक वर्षं पाठ्यपुस्तकांतलं चित्र वेगळंच होतं. अॅस्टली कूपर या इंग्रज शल्यचिकित्सकाने मृत स्त्रियांच्या दुग्धनलिकांत रंगीत मेण भरून त्यांची रचना काढली आणि १८४० मध्ये ती छापली. मेणाच्या दाबाने नलिका फुगल्या होत्या. त्या चित्रांवरून स्तनाग्रामागे दुधाच्या पिशव्या असतात असं सगळे शिकत आले. जिवंत, दूध पाजणाऱ्या स्त्रियांची सोनोग्राफी केल्यावर तशा पिशव्या दिसल्याच नाहीत. स्तनाग्राशी येणाऱ्या मुख्य नलिका सरासरी नऊ निघाल्या, कुणाला चार तर कुणाला अठरा. पुस्तकात १५ ते २० लिहिलेलं असायचं. या नलिका जेमतेम दोन मिलिमीटर रुंद, त्वचेच्या अगदी जवळ आणि सहज दबणाऱ्या असतात.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. स्तनाग्रामागे दूध साठून बसलेलं नसतं, ते आत, जिथे तयार होतं तिथेच थांबलेलं असतं. त्यामुळे नुसतं बोंड चोखून किंवा चिमटून दूध निघत नाही. घट्ट ब्राची तार रुतली, किंवा दोन बोटांच्या कात्रीत स्तन धरून पाजलं, तरी नलिका दबून त्या भागातलं दूध अडू शकतं.

दूध तयार होतं ते द्राक्षाच्या घडासारख्या लागलेल्या सूक्ष्म पोकळ मण्यांत. प्रत्येक मण्याच्या आतल्या भिंतीवर दूध बनवणाऱ्या पेशींचा एकच थर असतो, बाहेरून आकुंचन पावणाऱ्या पेशींची जाळी, आणि तिच्याभोवती केशवाहिन्या. रक्तातून पाणी, साखर, स्निग्धाम्लं घ्यायची, त्यांचं दूध करायचं आणि मण्यात सोडायचं, हे आतल्या पेशींचं काम. जाळीने आवळून ते दूध नलिकेत ढकलायचं, हे बाहेरच्या पेशींचं. ही दोन कामं वेगळी आहेत आणि त्यांवरचं नियंत्रणही वेगळं आहे. दूध तयार असूनही सुटत नाही, असं म्हणूनच होऊ शकतं.

पहिले तीन दिवस

गरोदरपणाच्या मध्यापासूनच स्तनात चीक तयार व्हायला लागतो. भरपूर दूध मात्र तेव्हा येत नाही, कारण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन ते रोखून धरतं. वार बाहेर पडली की हे संप्रेरक झपाट्याने उतरतं, दूध वाढवणारं प्रोलॅक्टिन आधीच चढलेलं असतं, आणि मग पेशी खऱ्या अर्थाने कामाला लागतात. याला दीड ते तीन दिवस लागतात. स्तन भरून आल्याचं बाईला बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी जाणवतं. बाळंतपण नैसर्गिक असो की सिझेरियन, हा क्रम वार निघाल्यापासूनच सुरू होतो. पहिलं बाळंतपण, खूप लांबलेल्या कळा, मधुमेह, जास्त वजन यांमुळे थोडा उशीर होऊ शकतो. ७२ तास उलटूनही स्तन भरल्याचं अजिबात जाणवलं नाही, तर बाळाचं वजन आणि आईची तब्येत दोन्ही डॉक्टरांनी पाहायला हवीत.

तोवर बाळाला किती लागतं? पहिल्या २४ तासांत एका वेळी २ ते १० मिली. दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०, चौथ्या दिवशी ३० ते ६०. घरातला लहान चमचा ५ मिलीचा असतो. म्हणजे पहिल्या दिवशी एक-दोन चमचे चीक हे बाळाचं पूर्ण जेवण आहे. तो दाट, पिवळसर आणि संरक्षक प्रथिनांनी, पांढऱ्या पेशींनी भरलेला असतो. बाळाच्या आतड्याच्या आतल्या बाजूवर तो जंतूंविरुद्धचा पहिला थर देतो. तो पिळून टाकून देणं आणि त्याऐवजी मध चाटवणं ही आपल्याकडची सर्वांत नुकसानकारक प्रथा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. मधात बोट्युलिझमच्या, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराच्या, जंतूचे बीजाणू असू शकतात. एक वर्षाच्या आतलं आतडं त्यांना रोखू शकत नाही. गुटी आणि साखरपाण्यालाही पहिल्या सहा महिन्यांत जागा नाही.

जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी घ्यावं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशभरात ते ४१.८ टक्के बाळांच्याच बाबतीत घडल्याचं दिसलं. सिझेरियननंतर आईला गुंगी असते, टाके दुखत असतात, बाळ दुसऱ्या खोलीत असतं, आणि पहिला दिवस निघून जातो. आई कुशीवर झोपूनही पाजू शकते. बाळ आणून देणारं आणि धरून ठेवणारं एक माणूस मात्र लागतं.

नंतर कारभार स्तनाच्या हातात जातो

सुरुवातीचे दिवस संप्रेरकांचे. त्यानंतर किती दूध बनवायचं हे प्रत्येक स्तन आपलं आपण ठरवतो, आणि ते ठरतं किती दूध बाहेर निघालं यावर. मण्यात दूध साठून राहिलं की दाबाने आणि त्या दुधातल्याच काही घटकांमुळे पेशी उत्पादन मंदावतात. दूध निघालं की वेग वाढतो. एकच स्तन पाजत राहिलं तर दुसरा आटतो आणि पहिला पुरा पडतो, हे याचमुळे. म्हणून "दोन पाजण्यांमध्ये चार तास जाऊ दे, छाती भरू दे, मग पाज" हा सल्ला उलटा आहे. भरलेला स्तन सावकाश काम करतो.

मेंदूकडून येणारे दोन निरोप यात मिसळतात. बाळ चोखायला लागलं की प्रोलॅक्टिन चढतं. रात्री ते दिवसापेक्षा जास्त असतं, त्यामुळे पहिल्या महिन्यांत आईला झोप मिळावी म्हणून रात्री वरचं दूध देण्याचा बेत दूध कमी करण्याच्या वाटेवर नेतो. तिला झोप हवीच, पण ती दिवसा घरच्यांनी बाळ आणि घरकाम सांभाळून द्यावी. दुसरं ऑक्सिटोसिन. ते मण्यांभोवतीची जाळी आवळतं आणि पान्हा सुटतो. सुटताना कुणाला मुंग्या येतात, कुणाच्या दुसऱ्या स्तनातून थेंब गळतात, कुणाला काहीच कळत नाही. हेच संप्रेरक गर्भाशयही आवळतं, म्हणून पहिल्या आठवड्यात पाजताना पोटात कळ येते. वेदना, भीती, लाज आणि सतत कुणीतरी तपासत उभं राहणं यांनी पान्हा लांबतो. दूध त्यामुळे आटत नाही, सुटायला वेळ लागतो. खोलीतली माणसं कमी करणं, बाळाला कपड्यांशिवाय उघड्या छातीवर घेणं, पाठीवरून हात फिरवणं हे साधे उपाय काम करतात.

एका वेळी किती दूध मावतं हे बाईबाईत आणि एकाच बाईच्या दोन स्तनांतही वेगळं असतं. पर्थलाच एक ते सहा महिन्यांच्या, फक्त अंगावर पिणाऱ्या ७१ बाळांचं २४ तासांचं दूध मोजलं गेलं. सरासरी निघाली ७८८ ग्रॅम, पण सगळ्यांत कमी ४७८ आणि सगळ्यांत जास्त १३५६. ही सगळीच बाळं नीट वाढत होती. पाजण्याच्या खेपा दिवसाला ६ पासून १८ पर्यंत. स्तनात असलेल्या दुधापैकी बाळं सरासरी ६७ टक्केच पीत होती, म्हणजे स्तन पूर्ण रिकामा कधी होतच नाही. जावेचं बाळ तीन तासांनी पितं आणि हिचं दीड तासाने, एवढ्यावरून हिचं दूध कमी ठरत नाही.

पातळ दूध आणि घट्ट दूध ही दोन वेगळी दुधं नव्हेत. स्निग्धांश मण्यांच्या भिंतींना चिकटून राहतो आणि स्तन रिकामा होत जाईल तसा सुटत जातो. त्यामुळे घड्याळ लावून दहा मिनिटांनी बाळाला दुसरीकडे वळवू नये. ते स्वतःहून सोडेपर्यंत एक बाजू, मग दुसरी देऊन पाहावी.

पकड

दुखणं, चिरा, कमी वजन, दूध साठणं, या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी मी आधी पकड पाहायला सांगेन. बाळाचं पूर्ण अंग आईकडे वळलेलं हवं, पोटाला पोट. कान, खांदा आणि कंबर एका सरळ रेषेत, कारण मान वळवून आपल्यालाही घोट गिळता येत नाही. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर ठेवायचं. वरच्या ओठाला स्तनाग्र लागलं की ते जांभई दिल्यासारखं तोंड उघडतं. त्या क्षणी बाळाला स्तनाकडे आणायचं, स्तन बाळाकडे वाकवायचा नाही. डोक्यामागे हात दाबायचा नाही, दाबलं की ते मागे रेटतं. हात मानेखाली आणि पाठीवर.

पकड नीट असेल तर चार गोष्टी दिसतात: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि काळं वर्तुळ खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसणारं. स्तनाग्र आत टाळूच्या मऊ भागाच्या जवळपास पोचतं, तिथे ते घासलं जात नाही. गाल आत ओढले जात असतील, चुटकीसारखा आवाज येत असेल, किंवा पाजून झाल्यावर बोंड चपटं, तिरकं, पांढुरकं होऊन बाहेर येत असेल, तर बाळ फक्त बोंड चोखत आहे. ओढून सोडवायचं नाही. स्वच्छ करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून हवा जाऊ द्यायची, म्हणजे ते सुटतं, आणि पुन्हा धरवायचं.

चिरा पडल्या तर त्यावर मलम शोधण्याआधी पकड सुधारावी. शेवटचे दोन थेंब दूध लावून वाळू द्यावेत. साबणाने धुऊ नये. स्तनाग्राभोवतीच्या वर्तुळावर दिसणाऱ्या बारीक पुटकुळ्या म्हणजे तेलकट स्राव सोडणाऱ्या ग्रंथी आहेत. तो स्राव त्वचा मऊ ठेवतो आणि त्याच्या वासावर बाळ स्तन शोधतं. साबण नेमका तोच धुऊन टाकतो.

बोंड सपाट किंवा आत ओढलेलं असलं तरी पाजता येतं, कारण बाळ बोंड नव्हे, स्तन धरतं. सुरुवातीला मदत म्हणून सिरिंजचा जुना उपाय आहे. २० मिलीची नवी सिरिंज घ्यायची, सुईची बाजू ब्लेडने कापायची, आणि दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने घालायचा. गुळगुळीत, न कापलेली कड स्तनावर येते. बोंडावर ती टेकवून दट्ट्या हळू ओढायचा, अर्धा-एक मिनिट धरायचा, सोडायचा. पाजण्याआधी असं काही वेळा. दुखलं की थांबायचं. हे बाळंतपणानंतर करायचं आहे, गरोदरपणात नाही.

पुरतंय की नाही

बाळ रडतं, पंप लावल्यावर थोडंच निघतं, स्तन मऊ झाले आहेत, संध्याकाळी सारखं मागतं: यांतल्या कशावरूनही दूध कमी ठरत नाही. सहा आठवड्यांच्या आसपास स्तन मऊ होतातच, कारण उत्पादन आणि मागणी जुळलेली असते. खरे पुरावे दोन, लंगोट आणि वजनकाटा. पाचव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी आणि काळी शी जाऊन पिवळी झालेली. वजन पहिल्या काही दिवसांत ७ टक्क्यांपर्यंत उतरणं नेहमीचं, १० टक्के उतरलं तर लगेच तपासणी. जन्माचं वजन साधारण १० ते १४ दिवसांत परत यावं, आणि पुढे पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढावं. लंगोटावर विटकरी डाग पाचव्या दिवसानंतरही दिसत असतील, बाळ सुस्त असेल, पाजायला उठत नसेल, तर तो दिवस घरी थांबण्याचा नव्हे.

दूध खरोखर कमी असलेल्या बायकाही असतात, आणि त्यांना "मनात आणलंस तर येईल" असं सांगणं क्रूर आहे. वारेचा तुकडा आत राहिला तर प्रोजेस्टेरॉन उतरत नाही. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला तर मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीला इजा होऊ शकते, आणि दूध अजिबात न येणं हे तिचं पहिलं लक्षण असतं. अशा बाईला "दूध नाही" म्हणून सोडून देऊ नये, रक्ताच्या तपासण्या हव्यात. थायरॉइडचा आजार, किशोरवयातच ग्रंथींची वाढ अपुरी राहणं, किंवा काळ्या वर्तुळाच्या कडेने काप घेऊन झालेली शस्त्रक्रिया, हीदेखील कारणं आहेत. तिथून जाणारी चौथ्या बरगडीच्या पातळीवरची मज्जातंतूची शाखा तुटली की मेंदूकडे निरोपच जात नाही. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन यांनीही दूध घटतं. यांतलं काही असेल तर वरचं दूध जरूर द्यावं, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, आणि जेवढं अंगावरचं मिळतं तेवढं चालू ठेवावं.

अळीव, डिंक, मेथी, खसखस, शतावरी यांबद्दल नेहमी विचारलं जातं. पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. लाडू आणि खीर त्या देतात, अळिवातून लोहही मिळतं. तेवढ्यासाठी ते उत्तम आहेत. पण दूध निघत नसेल तर कोणताही लाडू ते वाढवणार नाही. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत सोडावी. तहान लागेल तितकं तिने प्यावं, बळजबरीने तांबेच्या तांबे नको.

छाती दगड होते तेव्हा

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दूध, रक्त आणि ऊतींतलं पाणी एकदम वाढतं. स्तन कडक, चकचकीत, तापलेले होतात आणि काळं वर्तुळ इतकं ताणलं जातं की बाळाला पकडताच येत नाही. आधी वर्तुळ मऊ करायचं. दोन्ही हातांची बोटं बोंडाच्या मुळाशी भोवताली ठेवून छातीच्या दिशेने हलका दाब एक मिनिटभर धरायचा. सूज मागे सरकते. मग हाताने थोडं दूध काढून बाळाला लावायचं. पाजून झाल्यावर गार पट्ट्या.

हाताने दूध काढण्याची कृती प्रत्येक बाईला दवाखान्यातून घरी जाण्याआधी यायलाच हवी. अंगठा वर आणि तर्जनी खाली, काळ्या वर्तुळाच्या कडेवर, बोंडापासून सुमारे तीन सेंटिमीटरवर ठेवायची. आधी दोन्ही बोटं सरळ छातीकडे दाबायची, मग एकमेकांकडे दाबायची, मग सोडायची. बोटं त्वचेवर घसरता कामा नयेत आणि बोंड ओढायचं नाही. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच येणार नाही, पान्हा सुटायचा असतो. बोटांची जागा फिरवत, एका बाजूला ३ ते ५ मिनिटं, मग दुसरी, पुन्हा पहिली. सुरुवातीला सगळं मिळून अर्धा तास लागतो. दुखत असेल तर पद्धत चुकते आहे.

एका ठिकाणी लाल, दुखरा पट्टा आणि थंडी-ताप आला तर ती स्तनाची दाह-सूज. पूर्वी सांगत की नलिकेत गुठळी अडकली आहे, शेका आणि जोरात चोळून काढा. मालिशवाल्या बाई आजही तेच करतात. आताची समज अशी की आजूबाजूच्या ऊतींच्या सुजेने नलिका बाहेरून दाबली जाते. जोरात चोळलं की बारीक रक्तवाहिन्या आणि ग्रंथी दुखावतात आणि सूज वाढते. म्हणून बर्फ किंवा गार पट्टी कापडातून १०-१५ मिनिटं, काखेच्या दिशेने पिसासारखा हलका हात, आणि डॉक्टरांना विचारून आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल. त्या बाजूने पाजणं नेहमीसारखं चालू ठेवायचं, बाळाला त्याने अपाय होत नाही. "सगळं काढून टाकू" म्हणून वारंवार पंप लावला तर उत्पादन वाढून त्रास चिघळतो. २४ तासांत उतार नाही, किंवा आधीच तब्येत फार बिघडली आहे, तर प्रतिजैविक लागेल. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितलंय तितके दिवस पूर्ण घ्यायचं. पाजणं एकदम तोडलं की गळू होण्याचा धोका वाढतो. गळू झालंच तर सोनोग्राफीत पाहून सुईने पू काढता येतो, दर वेळी चिरावं लागत नाही.

जाता जाता नवजात बाळाबद्दल. मुलगा असो की मुलगी, पहिल्या आठवड्यात बाळाचे स्तन सुजतात आणि कधी त्यातून दुधासारखा थेंबही येतो. आईची संप्रेरकं बाळाच्या रक्तात असतात, त्यांचा हा परिणाम. न्हाऊ घालताना ते पिळायची रीत अनेक घरांत आहे. पिळल्याने तिथे पू होतो. हात लावायचा नाही, काही आठवड्यांत आपोआप बसतात.

काढलेलं दूध

२५ अंशांपर्यंतच्या खोलीत काढलेलं दूध ४ तास टिकतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये खोली तेवढी गार नसते, तेव्हा लगेच फ्रिजमध्ये. दारात नको, आतल्या बाजूला ठेवावं, तिथे ४ दिवस. वेगळ्या दाराच्या फ्रीजरमध्ये सहा महिन्यांपर्यंत. गॅसवर उकळायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं नाही. कोमट पाण्याच्या भांड्यात डबी उभी करावी. वर साय आल्यासारखा थर दिसतो तो नासल्याचा नव्हे, हळू फिरवलं की मिसळतो. उष्टं उरलेलं टाकून द्यावं.

नोकरी करणाऱ्यांनी एक माहीत ठेवावं: मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे रजा मिळते, आणि ५० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते. तिथे आईला दिवसातून चार वेळा जाता येतं. हे मागून घ्यायला हवं, आपणहून क्वचितच सांगितलं जातं.

जास्तीचं दूध दान करता येतं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. दात्या आईची तपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून जंतुरहित केलं जातं, गोठवून ठेवलं जातं, आणि अतिदक्षता विभागातल्या कमी दिवसांच्या बाळांना मिलीमिलीने दिलं जातं. अशा बाळांच्या आतड्याला पावडरचं दूध धोक्याचं ठरू शकतं, त्यांना या दुधाची किंमत औषधाइतकी आहे.

एक गोष्ट फार थोड्या ठिकाणी सांगितली जाते. बाळ पोटात दगावलं किंवा जन्मून गेलं, तरी दोन-चार दिवसांनी दूध येतंच, कारण त्याला चालना वार निघाल्याने मिळते. आधी कुणी सांगितलेलं नसतं आणि त्या आईवर ते कोसळतं. दवाखान्यातून निघण्याआधी तिला हे शांतपणे सांगणं हे आपलं कर्तव्य आहे. दूध थांबवण्याची गोळी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारून घेता येते, मात्र रक्तदाब वाढलेला असेल तर ती चालत नाही. गोळी नको असेल तर आधार देणारी पण न आवळणारी ब्रा, गार पट्ट्या, आणि ताण असह्य झाला तर आराम पडण्यापुरतंच थोडं काढणं. कापडाने छाती करकचून बांधू नये, त्याने नलिका दबून सूज आणि ताप येतो. काहींना दूध दान करायचं असतं. तो निर्णय तिचा.

एरवी अंगावरचं तोडताना घाई करू नये. एका वेळी दिवसातलं एकच पाजणं कमी करायचं, तीन ते पाच दिवस थांबायचं, मग पुढचं. रात्रीचं सगळ्यांत शेवटी. पेशी क्रमाने गळून जातात, त्यांच्या जागी चरबी येते, आणि त्यानंतरही काही महिने दाबल्यावर थेंब दिसू शकतो. स्तन ओघळतात ते पाजल्यामुळे असं सरसकट म्हटलं जातं. त्वचा आणि आतले धागे ताणले जातात ते गरोदरपणांमुळे, वाढत्या वयामुळे आणि वजनातल्या चढउतारामुळे. सिगारेटनेही ते होतं.

आणि गाठ. पाजणाऱ्या बाईच्या स्तनात गाठी येतात-जातात, बहुतेक दुधाच्याच. पाजल्यानंतरही न बदलणारी, दोन आठवड्यांत न जाणारी गाठ दुधाची आहे असं घरी ठरवू नये. एकाच छिद्रातून येणारा रक्तमिश्रित स्राव, संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झालेली त्वचा, नव्याने आत ओढलं गेलेलं बोंड आणि प्रतिजैविकाला दाद न देणारी लाली, यांनाही तोच नियम. पाजत असताना सोनोग्राफी करता येते, मॅमोग्राफी करता येते, सुईने नमुनाही घेता येतो. तपासणीसाठी दूध तोडावं लागत नाही. जाण्याआधी पाजून जावं, म्हणजे स्तन मऊ असतो आणि चित्र स्पष्ट येतं.